यॉक नदीकाठची दोन दिवसांची सायकल सहल : कॉन्फ्लुएन्स ते ओहायोपाइल

आई-बाबा भारतातून आले की पेन हिल्सचं बालाजी मंदिर होतं, माउंट वॉशिंग्टनवरून तीन नद्या बघून होतात, नायगाराही होतो. मग पुढच्या शनिवार-रविवारी न्यायचं कुठे, असं विचारत पिट्सबर्ग आणि आसपासची बरीच मराठी कुटुंबं आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना दीड तासावरच्या एका जुन्या रेल्वेमार्गावर नेतो. तिथे आता गाड्या धावत नाहीत, सायकली चालतात आणि माणसं पायी फिरतात. सहलीला निघण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं, ही विनंती.

हा रस्ता आहे तरी कसा

‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ हा पिट्सबर्गच्या ‘पॉइंट’पासून, म्हणजे तिथल्या नद्यांच्या संगमापासून, मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंतचा 150 मैलांचा, म्हणजे सुमारे 240 किलोमीटरचा रेल ट्रेल आहे. आपण त्याचा जो तुकडा करतो, तिथे पूर्वी वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची गाडी धावायची. कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल हा त्यांचा मार्ग 1912 साली सुरू झाला आणि 1975 मध्ये बंद पडला. रूळ निघाले, पण भराव, पूल आणि बोगदे तसेच राहिले. 1986 मध्ये ओहायोपाइलपासून कॉन्फ्लुएन्सच्या दिशेचा पहिला छोटा टप्पा सायकलींसाठी खुला झाला. पुढे तुकड्याला तुकडा जोडत 2013 मध्ये सगळा ट्रेल पूर्ण झाला. आपण फिरतो तो याच सगळ्यात जुन्या टप्प्यावर.

‘मला आता चढावर सायकल जमायची नाही,’ असं ज्येष्ठ मंडळी फोनवरच सांगून टाकतात. त्यांना आमचं सांगणं असं, की लोखंडी चाकांच्या मालगाडीला चढ झेपत नाही, म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी डोंगर कापले, दऱ्यांत भराव घातले, पण मार्ग होता होईल तो सपाट ठेवला. त्या मेहनतीचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना मिळतो. नदीकाठच्या या भागात चढ-उतार एक टक्क्याच्याही आत आहे. त्यातून आपण नदीच्या प्रवाहाबरोबर जातो, म्हणजे असलाच तर किंचित उतार. ज्यांना सायकलचा तोल सांभाळता येतो, त्यांना हा रस्ता जमतो.

खाली डांबर नाही, बारीक चुनखडीची दाबून बसवलेली खडी आहे. कोरड्यात ती छान पळते. पाऊस पडून गेल्यावर मात्र तिचा राखाडी चिखल पोटऱ्यांपासून पाठीपर्यंत उडतो, तेव्हा पांढरे कपडे घरीच ठेवा.

शनिवार : आधी गावात राहा

इथे आमचा थोडा आग्रह आहे. सकाळी निघायचं, दहा मैल सायकल मारायची आणि संध्याकाळी घरी, असंही जमतं. पण आम्ही ते सुचवत नाही. कॉन्फ्लुएन्समध्ये एक रात्र राहावं.

यॉकोगेनी (इथली माणसं नुसतं ‘यॉक’ म्हणतात), कॅसलमन आणि लॉरेल हिल क्रीक या तिघींच्या संगमावर वसलेलं हे गाव. वस्ती हजारही नाही. मध्ये हिरवळीचा चौक, चौकात छत्रीसारखा बँडस्टँड, भोवती दुमजली लाकडी घरं. रेल्वे गेल्यावर अशा गावांचं कंबरडंच मोडलं होतं. ट्रेल आला तसे सायकलवाले येऊ लागले. त्यांना झोपायला खोली लागते, सकाळी नाश्ता लागतो, पंक्चर काढून हवं असतं. या भागातल्या अशा गावांना हाताशी धरणारा ‘ट्रेल टाउन’ उपक्रम 2007 मध्ये सुरू झाला. म्हणूनच आम्ही सांगतो, की डबा घरून आणा, पण कॉफी, आइस्क्रीम आणि रात्रीची खोली गावातच घ्या. ट्रेलवर फिरायला एक पैसाही पडत नाही. खर्च करायचाच तर तो या गावात व्हावा.

दुपारी पोचलात तर गावाजवळच्या धरणाच्या खाली नदीवर चला. धरणाचं पाणी तळातून सोडतात, त्यामुळे भर जुलैतही ते बर्फासारखं गार असतं. त्या गार पाण्यात ट्राउट मासा वाढतो. छातीपर्यंत रबरी विजार चढवलेले गळवाले कमरेएवढ्या पाण्यात तासन् तास उभे असतात. जवळ जाऊन बघा, पण दगड त्यांच्या बाजूला फेकू नका, मुलांनाही सांगून ठेवा.

जेवणाचं आधीच ठरवा. गावात खानावळी मोजक्या, आठवड्यातल्या काही दिवशी बंद, आणि शाकाहारी पदार्थ त्याहून मोजके. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी असं टिकणारं काही बरोबर असलं की काळजी मिटते.

रविवार : दहा मैल

नाश्ता करून निघायचं. थोड्याच वेळात घरं मागे पडतात आणि पुढचे दहा मैल, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटर, उजव्या हाताला नदी आणि डाव्या हाताला डोंगर. मध्ये दुकान नाही, मोटारीचा रस्ता सोबतीला नाही. पलीकडच्या काठावरच्या रुळांवरून आजही मालगाड्या जातात. डबे मोजायला लहान मुलांना फार आवडतं, आणि आजोबांनाही. नदीचा हा भाग तसा शांत आहे. भरवेगाने आलात तर तासाभरात संपेल. आम्ही त्यासाठी अर्धा दिवस ठेवतो, कारण कुणाला पाण्याशी बसायचं असतं, कुणाला पक्षी बघायचे असतात.

शेवटी ओहायोपाइल. कायमची वस्ती शंभराच्या आत, पण भोवतीच्या राज्य उद्यानात वर्षाला 10 लाखांहून अधिक लोक येतात, त्यामुळे उन्हाळ्यात गर्दी असते. सुमारे 20 फूट उंचीचा, नदीच्या पात्राएवढा रुंद धबधबा गावाला लागूनच आहे. 1754 मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टन पश्चिमेकडे जायला जलमार्ग मिळतो का हे बघत या नदीतून आला, आणि या धबधब्यापाशी त्याला तो नाद सोडावा लागला. धबधब्याखाली नदी खवळते आणि फर्नक्लिफ नावाच्या भूशिराला घोड्याच्या नालासारखा वळसा घालते. रेल्वेने हा वळसा टाळून दोन पुलांवरून मधूनच मार्ग काढला. सायकल तशीच पुढे घ्या, दुसरा पूल चुकवू नका. वर तुम्ही कठड्याला टेकून उभे, आणि खूप खाली राफ्टवाले ओरडत-भिजत चाललेले दिसतात. हेच पाणी पुढे मोनोंगाहेला नदीला मिळतं आणि आपल्या पॉइंटवर येतं.

सायकली ओहायोपाइलला आमच्या ताब्यात द्यायच्या. व्हॅन तुम्हाला तुमच्या गाडीपाशी परत सोडते. फ्रँक लॉइड राइटने 1930च्या दशकात झऱ्यावर बांधलेलं ‘फॉलिंगवॉटर’ हे घर इथून जवळ आहे. ते बघायचं असेल तर तिकीट बरंच आधी काढावं लागतं, आम्हाला नोंदणीच्या वेळीच सांगा.

भारतातून आलेल्या मंडळींनी हे जरूर वाचावं

इथल्या सायकलींना डावा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्या चाकाचा असतो. आपल्याकडे बहुधा उलट. सवयीने डावा ब्रेक कचकन दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जाऊ शकतो. म्हणून निघण्याआधी आम्ही प्रत्येकाला मोकळ्या जागेत थोडं चालवून दाखवायला सांगतो. कृपया त्याचा कंटाळा करू नका.

ट्रेलवर उजवीकडून चालवायचं आणि डावीकडून पुढे जायचं. मागून कुणी ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणालं की तो तुमच्या डावीकडून पुढे जाणार आहे, तुम्ही उजवीकडेच राहा. हे शब्द ऐकून डावीकडे वळणारे खूप असतात. थांबायचं असेल तर सायकल खडीवरून बाजूला घ्या.

गवतात, झुडपांत शिरू नका. इथल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो. घरी गेल्यावर काखा, गुडघ्यामागची बाजू आणि मुलांच्या कानामागे नीट बघा. तीन-तीन पानांच्या ‘पॉइझन आयव्ही’च्या वेलीला हात लावू नका, अंगाला खाज सुटून फोड येतात. मधल्या टप्प्यात फोनला रेंज नसते, म्हणून कुटुंबाने एकत्र राहावं. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्यानेच लागतं. आमच्या सहलीत ते सगळ्यांनाच घालावं लागतं.

कधी यावं

जूनअखेर ते जुलै डोंगरउतारावर रोडोडेंड्रॉनची फुलं असतात, ऑक्टोबरच्या मध्यावर पानांचे रंग. आमचं मत विचाराल तर सप्टेंबर : ऊन सौम्य, गर्दी ओसरलेली आणि खोल्या मिळतात. ज्यांना पुढच्या खेपेला पूर्वेकडे 2,392 फुटांवरच्या खंडीय जलविभाजकापर्यंत (इथून एका बाजूचं पाणी अटलांटिककडे जातं, दुसऱ्या बाजूचं मेक्सिकोच्या आखाताकडे) आणि 3,294 फूट लांबीच्या बिग सॅव्हेज बोगद्यातून जायचं असेल, त्यांनी लक्षात ठेवावं, की हिवाळ्यात तो बोगदा बंद असतो.

नोंदणी करताना

प्रत्येकाची उंची, वय आणि शेवटची सायकल साधारण कधी चालवली, हे कळवा. उंचीवरून सायकलीचं माप ठरतं. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मोकळेपणी सांगा. पेडल मारल्यावरच मदत करणारी बॅटरीची सायकल या ट्रेलवर चालते आणि ती आम्ही ज्येष्ठांसाठी राखून ठेवतो. साडी किंवा ओढणीचा पोशाख असेल तर पायी फिरण्याचा छोटा टप्पा आखून देतो, तसं आधी सांगा. पाऊस असला तरी सहल होते. विजांचा इशारा असेल तर मात्र तारीख बदलून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.