वर्कशॉपपर्यंतची वाट : सांगली-साताऱ्यातील मुलींच्या अभियांत्रिकी शिक्षणामागचा इतिहास

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडलजवळच्या माळावर आले. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना ही जागा दिली होती. निवडुंग काढून, भट्टी लावून तिथे लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे बनू लागली आणि किर्लोस्करवाडी वसली. याच वाडीतून १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. बायकांचे शिक्षण, त्यांचे लग्नाचे वय, त्यांचे घरातले स्थान यांवर महाराष्ट्रभर वाद घडवणारे हे मासिक ओतशाळेपासून हाकेच्या अंतरावर तयार होत होते. मात्र ते वाचून एखाद्या मुलीला यंत्रे शिकावीशी वाटली असती, तर त्या वेळी या भागात तिला शिकवणारे एकही कॉलेज नव्हते. १८५४ पासून चालू असलेली पुण्याची संस्था हीच काय ती जवळची, आणि तिच्या वर्गांत मुलगे बसत.

आता सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत तक्रार समिती असते, नॅक या मूल्यांकन संस्थेच्या तपासणीची तयारी सुरू झाली की जेंडर ऑडिटची, म्हणजे स्त्री-पुरुष समतेच्या पाहणीची, फाईल निघते, महिला दिनाला कार्यक्रम होतो. हे सारे दिल्लीहून आलेल्या परिपत्रकांमुळे झाले, असे पुष्कळांना वाटते. माझे मत वेगळे आहे. परिपत्रकांनी मुलींना जागा दिली हे खरे. पण त्या जागेवर मुलगी चार वर्षे टिकली ती कॉलेजातल्या कोणीतरी, म्हणजे मास्तरांनी, रेक्टरबाईंनी, वर्कशॉपच्या निदेशकांनी, तिची सोय हे आपले काम मानले म्हणून. या भागाच्या शिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार दिसते.

सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या तिथे शिक्षिका होत्या, संस्थेच्या नोकरवर्गातल्याच म्हणा ना. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काले गावी स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आली. तिच्या बोर्डिंगमधल्या मुलांसाठी संस्थापक भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकले. भाऊरावांचे पुतळे गावोगाव आहेत. रोज पीठ-मीठ जमवून जातीजातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घालणाऱ्या लक्ष्मीबाईंचे नाव मात्र त्या मानाने कमी घेतले जाते. वसतिगृह चालले तरच शाळा चालते, हे साताऱ्याने तेव्हाच पाहिले होते. पुढे मुलींच्या तांत्रिक शिक्षणाचे घोडे नेमके याच जागी अडले.

देशात अभियांत्रिकीचा दरवाजा मुलींसाठी उघडला तो मद्रासच्या गिंडी कॉलेजात, आणि तोही एका प्राध्यापकामुळे. अय्यलसोमयाजुल ललिता यांना अठराव्या वर्षी वैधव्य आले, तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला, प्राचार्यांनी शिक्षण संचालकांकडून मान्यता मिळवली आणि १९४० मध्ये ललितांना प्रवेश मिळाला. शेकडो मुलांत ही एकटी मुलगी. तिचे एकटेपण ध्यानात घेऊन आणखी मुलींना बोलावण्यात आले, आणि पी. के. थ्रेसिया व लीलाम्मा जॉर्ज सिव्हिलला आल्या. पदवीच्या छापील कागदावरचा पुल्लिंगी उल्लेख खोडून स्त्रीलिंगी लिहावा लागला. यातल्या थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. या हकिकतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती आणखी मुलींना बोलावण्याची कृती. एकीला आत घेतले म्हणजे काम संपले, असे तिथल्या माणसांनी मानले नाही.

सांगलीत १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. पुढे त्याचे वालचंद कॉलेज झाले. विश्रामबागेतल्या या कॉलेजने सहकारी कारखान्यांना, पाटबंधारे खात्याला, वीज मंडळाला पिढ्यान्‌पिढ्या अभियंते पुरवले. १९६० मध्ये कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि सांगली व सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. मुली मात्र दीर्घकाळ बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. प्रवेशाला मनाई असल्याचे नियमात लिहिलेले नसे. पण वसतिगृह मुलांचे, स्वच्छतागृह मुलांचे, वर्कशॉपचा बॉयलर सूट मुलांच्या मापाचा.

शेजारच्या हुबळीची गोष्ट सुधा मूर्ती यांनी स्वतःच सांगितली आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस प्रवेश देताना प्राचार्यांनी साडी नेसून यायचे, कॅन्टीनला जायचे नाही, मुलांशी बोलायचे नाही, अशा अटी घातल्या. कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते. पुढे टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नये’ असे वाचून त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. पुण्यात लीला पूनावाला १९६७ मध्ये मेकॅनिकलच्या पदवीधर झाल्या. अशी नावे सांगताना आपण त्या मुलींच्या हिमतीचे कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण मुलीला शिकण्यासाठी असामान्य हिंमत लागावी, हे त्या संस्थांचे अपयश होते, हेही त्याच दमात म्हणायला हवे.

चित्र पालटले ते १९८३ नंतर. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील हे सांगलीजवळच्या पद्माळ्याचे. त्यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि बुधगाव, साखराळे, सातारा अशा ठिकाणी कॉलेजे उभी राहिली. या निर्णयावर डोनेशनपासून दर्जापर्यंत टीका झाली आणि तिच्यात तथ्यही होते. मुलींच्या बाबतीत मात्र त्याचा एक परिणाम फारसा कोणी मोजला नाही. कॉलेज एसटीच्या अंतरावर आले. सकाळची गाडी पकडून संध्याकाळी दिवेलागणीला घरी परतता येते, एवढ्या एका गोष्टीवर वाळवा, तासगाव, कोरेगावकडच्या कितीतरी बापांनी होकार दिला. पुण्याला पाठवायला जे घर तयार नव्हते, ते साखराळ्याला पाठवायला तयार झाले. प्रॅक्टिकल लांबले आणि शेवटची गाडी चुकली तर काय, हा प्रश्न उरलाच. तो सोडवला कोणी? वेळापत्रक लावणाऱ्या मास्तरांनी. गावच्या मुलींची बॅच दुपारच्या आधी लावणे ही साधी कारकुनी बाब वाटेल, पण मुलीचे शिक्षण तिच्यावर अवलंबून असे.

तासगावचे शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन हा या वाटेवरचा दुसरा टप्पा. राहण्याची सोय आणि शिक्षण एकाच आवारात, तेही तालुक्याच्या गावी. दहावीनंतर डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी, या मार्गाने शेतकरी घरातल्या मुली पुढे आल्या. मुलींचीच संस्था असल्यामुळे लेथवर कोणी उभे राहायचे हा प्रश्न तिथे निघतच नाही. मिश्र कॉलेजात तो हमखास निघतो. फिटिंग, स्मिथी (लोहारकाम), वेल्डिंगच्या जॉबला, म्हणजे हाताने करायच्या वस्तूला, गटातली मुले पुढे होतात आणि मुलीच्या वाट्याला जर्नल लिहिणे येते. कुणी वाईट हेतूने हे करत नाही. हातोडा आपण उचलावा, अक्षर तिने काढावे, असे घरातूनच शिकून आलेले असते. म्हणून प्रत्येक मुलीचा जॉब तिच्याच हातचा आहे का, हे तपासणाऱ्या वर्कशॉप निदेशकाला मी समतेचा खरा कार्यकर्ता मानते. त्याचे नाव कुठल्या अहवालात येत नाही.

दरम्यान देशपातळीवरही पावले पडत होती. १९७४ च्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या अहवालाने सरकारला आरसा दाखवला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने स्त्रियांनी तांत्रिक आणि अपारंपरिक व्यवसायांत यावे, असे स्पष्ट म्हटले. महाराष्ट्राचे महिला धोरण १९९४ चे. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत मुलींसाठी ३० टक्के जागा राखल्या गेल्या. २०१४ पासून एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची, ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आली, वर्षाला ५० हजार रुपयांची. जुलै २०२४ मध्ये राज्याने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मेस आणि भाडे मात्र या माफीत बसत नाही, आणि बाहेरगावच्या मुलीचे गणित बहुधा तिथेच फिसकटते.

या धोरणांकडे बघताना आपल्या जिल्ह्यांचे दुसरे आकडेही समोर ठेवले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या सांगलीत ८६७, साताऱ्यात ८९५. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्हा प्रशासनाने ‘नकुशी’, म्हणजे नकोशी, अशा नावाच्या २८५ मुलींचा नामकरण सोहळा केला. कॉलेजांच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुली याच गावांतून येतात. प्रवेशाच्या दिवसांत पालकांपुढे बसणाऱ्या प्राध्यापकाला ‘पोरीला कशाला मेकॅनिकल’ या एका वाक्यामागचे हे सगळे ओझे पेलावे लागते.

मेकॅनिकलबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण आजचा असमतोल तिथे सर्वांत ठळक आहे. नव्वदच्या दशकात पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या आल्या आणि मुली कॉम्प्युटर, इ अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार) शाखांकडे वळल्या. घरच्यांनाही एसी ऑफिस पटले. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनचे वर्ग मात्र मुलांचेच राहिले. याला आवडनिवड एवढेच कारण नव्हते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात काम देता येत नसे. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत ट्रेनी अभियंत्याला तिन्ही शिफ्ट कराव्या लागतात, तेव्हा हा कायदा रक्षणासाठी असूनही मुलीला मुलाखतीआधीच बाद करत असे. २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, आणि २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने स्त्रीची संमती आणि सुरक्षेच्या अटी घालून रात्रपाळी मोकळी केली. तरीही कारखानदाराला ‘आमच्याकडे मुलींची चेंजिंग रूम नाही’ असे म्हणता येऊ नये, यासाठी पाठपुरावा करतो तो कॉलेजचा प्लेसमेंट अधिकारीच. तो ‘फक्त मुले’ ही अट निमूटपणे मान्य करतो, की ‘यादी गुणांप्रमाणेच पाठवीन’ म्हणतो, यावर दर वर्षी काही मुलींचे भवितव्य ठरते.

तक्रार समित्यांची मुळे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालात आहेत. २०१३ चा कायदा, २०१५ चे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) आणि २०१६ चे एआयसीटीईचे नियम त्यातूनच पुढे आले. यूजीसीच्या नियमांतली एक तरतूद इथे फार बोलकी आहे. समितीची अध्यक्ष महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची स्त्री असावी लागते, आणि तशी कोणी नसेल तर बाहेरून नेमावी लागते. ग्रामीण कॉलेजांत सहायक प्राध्यापक म्हणून बायका पुष्कळ दिसतात, वरच्या पदांवर थोड्या. वरचे पद मिळायला पीएच.डी. लागते, आणि ती करण्याची वर्षे हीच लग्नाची, बाळंतपणाची, सासरच्या जबाबदारीची वर्षे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठीच होती. पण तिचा अर्ज भरायला लागणारी सवड आठवड्याला अठरा-अठरा तास शिकवणाऱ्या बाईंना मिळत नसे.

ब्रिटनमध्ये २००५ साली अथेना स्वान ही सनद सुरू झाली. विद्यापीठाच्या नोकरवर्गाने स्वतःच आपल्या भरतीची, बढतीची, रजांची आकडेवारी तपासायची, उणिवा लिहून काढायच्या, कृती आराखडा करायचा, आणि त्यावर कांस्य, रौप्य, सुवर्ण दर्जा मिळवायचा, अशी तिची रीत. त्याच धर्तीवर भारतात २०२० मध्ये ‘गती’ उपक्रम जाहीर झाला आणि ३० संस्थांत त्याचा प्रायोगिक टप्पा झाला. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांपर्यंत ही कल्पना पोचली ती नॅकच्या सातव्या निकषातून, जेंडर ऑडिटच्या रूपात. ऑडिट मनापासून झाले तर त्यातून खरी माहिती हाती येते. कोणत्या शाखेत मुली का गळतात, रात्री ग्रंथालयातून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, प्रोजेक्ट गटांचे नेतृत्व कोणाकडे जाते. नुसते फोटो चिकटवून झाले तर काहीच कळत नाही.

हे काम प्रत्यक्षात कोणाच्या गळ्यात पडते, हेही बघायला हवे. समितीची सचिव, वसतिगृहाची रेक्टर, महिला दिनाची संयोजक, मुलींची समुपदेशक अशा जबाबदाऱ्या अनेक कॉलेजांत दोन-तीन बायकांवरच येतात. त्यातल्या काही तासिका तत्त्वावर किंवा करारावर असतात आणि वेळेवर पगाराचीही शाश्वती नसते. या कामाची नोंद बढतीच्या गुणांत नाममात्र होते. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतला नोकरवर्ग ५० च्या बराच वर आहे. तिथल्या प्राध्यापिकांनी आणि शिपाईबाईंनी मिळून पुढच्या जेंडर ऑडिटमध्ये पहिला प्रश्न पाळणाघराचा घालावा.