पेट्रोल टाकीचे झाकण उघडेना? चावी पिळण्याआधी हे वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टाकीच्या झाकणांत मूळ बिघाड बहुधा किरकोळ असतो. कुठे धूळ साठलेली, कुठे स्प्रिंग गंजलेली. खर्च वाढतो तो त्यानंतर केलेल्या जोरामुळे. चावी अर्धी आत आणि अर्धी हातात, फ्लॅपच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने उडालेला रंग, सीटखालचा लिव्हर मुळातून मोडलेला. हे टाळता यावे म्हणून गाडी आमच्याकडे आणण्याआधी घरच्या घरी काय तपासावे आणि कशाला हात लावू नये, ते इथे लिहिले आहे.

आधी अडले आहे काय ते बघा. टाकीला दोन अडथळे असतात. बाहेरचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा फ्लॅप आणि त्याच्या आत नळीवर बसणारे, फिरवून काढायचे झाकण. बऱ्याच गाड्यांत कुलूप फक्त फ्लॅपला असते आणि झाकण साधे असते. काहींत उलट, फ्लॅप नुसता बोटाने उघडतो आणि चावी झाकणाला लागते. फोनवर ‘पेट्रोलचे लॉक अडकले’ एवढेच कळले तर आम्हालाही काही सांगता येत नाही. फ्लॅप की झाकण, एवढे जरूर सांगा.

चावीचे झाकण

या कुलपात चावी जाते त्या नळीत पातळ पत्र्याच्या छोट्या पात्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. योग्य चावी आत गेली की सगळ्या पात्या एका पातळीत येतात आणि नळी फिरते. एक पाती जरी धुळीने किंवा गंजाने किंचित बाहेर राहिली, तरी नळी जागची हलत नाही. तिथे कितीही पिळले तरी पाती आत जात नाही, चावी मात्र वाकते.

म्हणून पहिली गोष्ट, दुसरी चावी लावून बघा. रोजच्या चावीचे दाते वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतात, कपाटात पडून असलेली चावी मात्र कोरी असते. तिने कुलूप उघडले तर दोष चावीचा. अशा वेळी नवी चावी कोऱ्या चावीवरून किंवा चावीच्या क्रमांकावरून कापून घ्या. झिजलेलीवरून कापलेली चावी झीजसुद्धा जशीच्या तशी उचलते.

दोन्ही चाव्यांनी उघडत नसेल तर चावी शेवटपर्यंत आत जाते का ते पाहा. तळाशी माती साठली की चावी थोडी अलीकडेच थांबते आणि कुणाच्या ते लक्षात येत नाही. कुलपाच्या तोंडात ग्रॅफाइटची पूड किंवा सुके टेफ्लॉन स्प्रे थोडेसे मारा, चावी आत-बाहेर करा, बाहेर आलेली चावी फडक्याने पुसा. पहिल्या खेपेला चावीवर काळा, चिकट थर येतो. तो यायचा थांबेपर्यंत हेच करत राहा. मग चावी पूर्ण आत घालून केसभर मागे घ्या आणि दोन बोटांनी, हलकेच, डावी-उजवीकडे हलवत फिरवा. मूठ वळली की जोर जास्त झाला असे समजा.

घरातले तेल यात घालू नका. पहिले काही दिवस कुलूप लोण्यासारखे फिरते, मग त्याच तेलावर धूळ बसून खळ तयार होते आणि पात्या पुन्हा चिकटतात. गंज सोडवणारा स्प्रे अडलेले कुलूप सुटण्यापुरता चालतो, पण तो वंगण म्हणून टिकत नाही. त्यानंतर सुके वंगण द्यावेच लागते. झाकणाच्या रबरी वायसरला फक्त सिलिकॉनचे वंगण, आणि तेही पुसटसे.

काही झाकणांत कुलपाची जीभ नळीच्या काठाखाली अडकते आणि फुगलेल्या वायसरच्या ताणाने तिथेच दाबून बसते. अशा वेळी एका तळव्याने झाकण खाली दाबा आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

झाकण नुसतेच गरगर फिरते

कुलूप लावलेले असताना झाकण गोल फिरत राहणे हा बऱ्याच झाकणांत बिघाड नसतो. कुणी जबरदस्तीने उघडू नये म्हणून ते तसेच बनवलेले असते. चावीने कुलूप उघडल्यावरही ते मोकळेच फिरत असेल, तर आतले प्लास्टिकचे दाते झिजले किंवा तुटले आहेत. झाकण घट्ट खाली दाबून डावीकडे फिरवा, उरलेले दाते पकड घेतात आणि बहुधा एकदा तरी ते उघडते. उघडल्यावर पुन्हा कुलूप लावू नका. ते झाकण बदलायचेच आहे.

कुलूप सुटले, पण झाकण ओढल्यासारखे घट्ट लागते आणि उघडताना जोराचा ‘फुस्स’ आवाज होतो, असेही होते. थोडा आवाज नेहमीचाच. दर वेळी जोराचा होत असेल, तर टाकीत हवा ये-जा करण्याची वाट तुंबलेली असू शकते. तो प्रश्न कुलपाचा नाही, गाडी गॅरेजमध्ये दाखवा.

हे अजिबात करू नका

थंडीत गोठलेल्या कुलपासाठी लायटरने चावी तापवण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. ती दाराच्या कुलपापुरतीच ठेवा. पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी तयार होते ती उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच. म्हणजे हिमवर्षावातसुद्धा टाकीच्या तोंडाशी ज्वाला नेणे सुरक्षित नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहते, लगेच उडून जात नाही. हेअर ड्रायरही नको, कारण त्यातली तार तापून लाल होते. बर्फ वितळवणारा स्प्रे वापरा, किंवा गोठलेल्या फ्लॅपच्या कडा तळहाताने दाबून बर्फ तडकवा.

ड्रिल मशीनचेही तेच. ठिणगीचा धोका आहेच, शिवाय धातूचा कीस टाकीत पडला की पंपापर्यंत जातो. कुलूप कापून काढायची वेळ आली तर ते आमच्यावर सोपवा.

फ्लॅप उघडत नसेल तर

लिव्हरवाल्या गाडीत लिव्हर ओढून बघा. तो हाताला एकदम सैल लागला तर केबल तुटली किंवा टोकाकडून निसटली आहे. फारच घट्ट असेल तर केबल गंजली आहे. ताण नेहमीसारखा असूनही फ्लॅप वर येत नसेल, तर त्याला बाहेर ढकलणारी छोटी स्प्रिंग दमली आहे. यावर दोघांचा उपाय आहे. एकाने लिव्हर ओढून धरायचा, दुसऱ्याने फ्लॅप आधी आत दाबून मग नखाने अलगद बाहेर घ्यायचा.

सेंट्रल लॉकिंगवर चालणाऱ्या फ्लॅपला कान द्या. गाडी लॉक-अनलॉक करताना फ्लॅपपाशी ‘टक’ आवाज येत असेल तर मोटर जिवंत आहे आणि खिट्टी अडकली आहे. फ्लॅप दाबून धरून अनलॉक करा. आवाजच नसेल तर फ्यूज, वायर किंवा मोटर. बऱ्याच गाड्यांत डिकीच्या आत, टाकीच्या बाजूच्या अस्तरामागे, हाताने ओढायची एक दोरी दिलेली असते. ती कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत असते. दोरी सरळ आणि सावकाश ओढा. ती बारीक प्लास्टिकला बांधलेली असते आणि हिसका दिला की हातात येते.

बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या द्रावाचे निळे झाकण वेगळे असते. ते अडले तर त्याभोवती पांढरे खडे दिसतील. ते पाण्यात विरघळतात. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, वंगण देऊ नका, आणि पाणी आत जाऊ देऊ नका.

नवे झाकण घेताना

नुसती गोलाई जुळून भागत नाही. आटे आणि हवा सोडण्याची व्यवस्था मूळ झाकणासारखीच हवी. झाकण नीट बसत नसेल तर नव्या गाड्यांत इंजिनचा दिवा लागू शकतो. स्कॅनरवर पी०४५७ हा कोड आला तर संशय आधी झाकणावर घ्या. झाकण ‘कट’ असा आवाज येईपर्यंत नीट बसवल्यावर दिवा लगेच नाही, पण थोड्या फेऱ्यांनंतर आपोआप जातो. कुलपाच्या पात्या आम्ही पुष्कळदा तुमच्या जुन्याच चावीला जुळवून देतो, त्यामुळे जुडग्यात आणखी एक चावी वाढत नाही.

येताना दोन्ही चाव्या आणि गाडी तुमची असल्याचा कागद आणा. चावी आत तुटली असेल तर हातातला तुकडाही आणा. तो गोंद लावून आत ढकलू नका. दोन्ही तुकडे मिळाले की त्यावरून नवी चावी कापता येते, गोंद लागला तर आख्खे कुलूपच जाते. आणि इंधनाचा काटा तळाला टेकला असेल तर गाडी आमच्यापर्यंत चालवत आणू नका. फोनवर तसे सांगा, आम्ही अवजारे घेऊन गाडीपाशी येतो.