कुसळाचं घड्याळ

ऑक्टोबरात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून घरी आलं की पहिलं काम म्हणजे मोजे काढून उंबऱ्यावर बसणं आणि चिमट्यानं कुसळं उपसणं. सुती मोजा असेल तर तास मोडतो. बायको दरवर्षी म्हणते, बूट बाहेरच ठेवा, नाहीतर फेकून द्या. मी ते फेकत नाही, कारण त्यातलं एखादं कुसळ काढून ओल्या तळहातावर ठेवायचं असतं. अर्धा मिनिट काही होत नाही. मग ते हलतं. शेपटीसारखी लांब काडी सावकाश स्वतःभोवती फिरायला लागते आणि एखाद्या जिवंत किड्यासारखं ते कुसळ तळहातावर वळवळतं. जीव तर गवतातून कधीच गेलेला. मग हलतंय काय?

कुसळी गवताच्या बीला हे जे शेपूट असतं त्यातल्या पेशींचे तंतू जिन्यासारखे पिळून बसवलेले असतात. वाळलं की शेपटाला पीळ पडतो, ओलं झालं की पीळ सुटतो. त्यासाठी पाणीच पाहिजे असं नाही, हवेतला दमटपणाही पुरतो. पहाटेच्या दवानं पीळ सुटतो, दुपारच्या उन्हानं पुन्हा बसतो. बीचं टोक सुईसारखं, आणि त्यावर मागं वळलेले राठ केस. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात बी पुढं सरकतं, मागं येत नाही. रोज एक दव आणि एक ऊन, एवढ्या इंधनावर ते स्वतःला जमिनीत पेरून घेतं. माझा मोजा त्याला भुसभुशीत जमीन वाटला, त्यात त्याचा काय दोष? मेंढ्यांच्या कातडीतही ते असंच घुसतं. म्हणून माळावर भेटणारे एक धनगर आबा निसवलेल्या कुसळीत मेंढरं घालत नाहीत. "कवळं हाय तवर चारायचं. तुरा आला की लांबनं रामराम," असं ते म्हणतात.

सोलापुरात पाहुणा आला की आपण त्याला सिद्धेश्वराचं देऊळ दाखवतो, भुईकोट किल्ला दाखवतो, चादर घेऊन देतो. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर असलेला हा माळ दाखवायचा विचार फारसा कोणी करत नाही. दाखवला तर पाहुणा विचारतो, "इथं बघायचं काय?" प्रश्न बरोबर आहे. एकदाच गेलात तर काहीच दिसत नाही. परवानगी काढून, वनरक्षकाला सोबत घेऊन वर्षातून चार वेळा तीच वाट चालायला पाहिजे. मग हळूहळू कळतं की इथला प्रत्येक जीव एकाच कामात गुंतलाय. पाणी येईपर्यंत तग धरायची आणि आलं की क्षणही दवडायचा नाही.

मृग लागला की, म्हणजे ७-८ जूनच्या पुढं, माझी पहिली फेरी असते. आकाश भरून आलेलं असावं आणि पहिले टपोरे थेंब मुरमावर पडत असताना आपण माळावर असावं, असं दहा वर्षांत तीनदाच जमलंय. त्या वासाला मराठीत मृद्गंध हा सुंदर शब्द आहे. १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्याला पेट्रिकोर हे नाव दिलं. त्यातला मातकट भाग जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो आणि ते मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू बनवतात. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालं तेही याच जातीच्या जिवाणूंपासून. आपल्या नाकाला हा वास इतका कळतो की हवेच्या लाख कोटी भागांत जिओस्मिनचे मोजके काही भाग असले तरी पुरे. थेंब कोरड्या मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते सोड्याच्या बाटलीसारखे वर येऊन फुटतात आणि वास हवेत उडतो. २०१५ साली वेगवान कॅमेऱ्यानं ते टिपलं गेलं.

पण जिवाणू हा वास काढतात कशासाठी? आपल्याला कविता सुचाव्यात म्हणून तर नक्कीच नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचं एक उत्तर मिळालं. मातीत उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे बारके जीव या वासाकडे ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला व विष्ठेला चिकटवून दुसरीकडे नेतात. पावसाचा वास म्हणजे मुळात वाहनाला मारलेली हाक.

त्याच एक-दोन दिवसांत मृगाचा किडा दिसतो. लाल मखमलीचा तुकडा चालतोय असं वाटतं. लहानपणी आम्ही हे किडे काडेपेटीत ठेवायचो आणि सकाळी उघडली की रडायचो. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे तो कीटकच नाही, कोळी-गोचिडांच्या कुळातला आहे. आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतो आणि पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस वर येतो. त्याच वेळी वाळवीला पंख फुटलेले असतात आणि ती त्याला आयती मिळते. लाल रंग मात्र तो कोणाला आवडावा म्हणून नाही. मी बेचव आहे, नादी लागू नका, अशी ती पाटी आहे.

मग जुलै. कोकणात पूर येतात, पुण्यात छत्र्या उलटतात आणि आपल्याकडे नुसता वारा सुटतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना आपलं पाणी घाटमाथ्यावर रिकामं करतात आणि खाली उतरताना तापत, कोरडे होत सोलापूरपर्यंत पोचतात. ढग दिसतात, पण पळून जातात. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. मान्सून माघारी वळायच्या सुमारास बंगालच्या उपसागराकडून येणारे पट्टे आणि दुपारच्या तापलेल्या हवेतून उठणारे गडगडाटी ढग तो आणतात. म्हणूनच आपलं पीक खरिपाचं नाही, रब्बीचं.

माळाचं गवत आणि शेतातली ज्वारी ही खरं तर भावंडं आहेत. शाळेत प्रकाशसंश्लेषण शिकवतात, पण त्यातली एक चूक शिकवत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं जे वितंचक, म्हणजे एन्झाइम, पानात असतं, ते अधूनमधून चुकून ऑक्सिजनच पकडतं. मग केलेलं काम वाया जातं. उष्णता वाढेल तशी ही चूक वाढते. शिवाय कार्बन डायऑक्साइड आत यावा म्हणून पानाची रंध्रं उघडी ठेवावी लागतात आणि त्याच दारातून पाणी निघून जातं. गहू, तांदूळ, हरभरा, तूर या सगळ्यांचा हाच तोटा. ज्वारी, बाजरी, मका आणि आपलं पवन्या, मारवेल, कुसळी हे गवत यांनी त्यावर तोड काढली. ही मंडळी आधी एका पेशीत कार्बन डायऑक्साइड पकडतात आणि मग आतल्या पेशींत नेऊन कोंडतात. तिथं तो इतका दाटतो की चूक करायला वाव राहत नाही. रंध्रं किलकिली ठेवली तरी भागतं. हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली ही पद्धत मांडली आणि तिला सी-४ म्हणतात. ऊसही याच बिरादरीतला. त्याला पाणी कमी लागतं असं मात्र त्यावरून समजू नका. बारा-पंधरा महिने शेतात उभं राहणाऱ्याची तहान वेगळी.

मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडून काढलेला मालदांडी ३५-१ हा ज्वारीचा वाण अजून शेतात टिकून आहे तो याच हिशोबावर. सप्टेंबरात काळ्या जमिनीनं जे पाणी पिऊन ठेवलं, तेवढ्यावर फेब्रुवारीपर्यंत उभं राहायचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला वाटलं की थोडं श्रेय रंध्रांनाही द्यायला हवं होतं.

हिवाळ्याची फेरी मी येळवसच्या आगेमागे करतो. मार्गशीर्ष अमावास्येला ज्वारीच्या रानात बसून भज्जी आणि आंबील झाली की माळ तिथून जवळच. संध्याकाळी पाचच्या सुमारास भोवत्या येतात. सडपातळ शिकारी पक्षी, पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले. गवताला जवळपास घासत, भोवतं घालत उडतात, म्हणून भोवत्या. यातले काही कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतून हजारो किलोमीटर उडून येतात. आणि इतक्या लांबून आलेला पाहुणा झोपतो कुठं? जमिनीवर. झाडावर नाही. दहा-वीस पक्षी, कधी त्याहून जास्त, उंच गवतात जवळजवळ उतरतात आणि अंधार पडायच्या आत दिसेनासे होतात. सकाळी त्या जागी त्यांनी ओकलेल्या न पचलेल्या भागाच्या गोळ्या सापडतात. एक फोडून पाहिली तर आत टोळांचे पाय आणि डोक्याच्या कवच्या, थोडे उंदराचे केस. आपल्या ज्वारीवरचे नाकतोडे कोण खातं, ते त्या गोळीत लिहिलेलं असतं. नोव्हेंबरात कोणी ते गवत पेटवून दिलं, तर त्या वर्षी झोपायला जागा नाही.

इथं मला थोडं भांडायचंय. कागदोपत्री माळाला आपण पडीक म्हणत आलो. पडीक म्हटलं की झाडं लावायचा उत्साह येतो. मग खड्डे, सुबाभूळ, गिरिपुष्प. दोन्ही मूळची मध्य अमेरिकेकडची. सावली पडली की सी-४ गवत मरतं, कारण त्याला भरपूर ऊन लागतं. झाडावर कावळे आणि घारी बसतात आणि खाली जमिनीवर अंडी घालणाऱ्यांची पंचाईत होते. शहरात विजापूर रोडवर सिद्धेश्वर वनविहार आहे, तिथल्या सावलीत मीही सकाळी फिरतो, त्याला नाव ठेवत नाही. पण माळ म्हणजे तुटलेलं जंगल, ही समजूत चुकीची आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मराठीतल्या साडेसातशे वर्षांपूर्वीपर्यंतच्या जुन्या कथा-गाण्यांतले रानवनस्पतींचे उल्लेख तपासले. ४४ जाती सापडल्या, त्यातल्या २७ मोकळ्या माळरानाच्या होत्या. म्हणजे निदान साडेसातशे वर्षं तरी हा माळ माळच आहे. कुऱ्हाडीनं तयार झालेला नाही.

१९७९ साली इथं माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक पक्ष्यावरच चिडले. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी हातचा गेलाच होता. पंधरा किलोपर्यंत भरणारा नर, वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारी मादी आणि वाढलेल्या विजेच्या तारा. माळढोकाच्या आफ्रिकी नातलगांच्या डोळ्यांचा अभ्यास झालाय. उडताना खाली पाहायला त्यांनी मान वाकवली की पुढचं काही दिसत नाही. तार समोर असते आणि पक्षी जमिनीकडे पाहत असतो. आता वर्षभर फिरून एखादा दिसला तरी नशीब. काळवीट मात्र नक्की दिसतात. लांडगा मला एकदाच दिसला, तोही पाठमोरा.

मेमधली फेरी कोणी करत नाही. ऊन चाळिशीच्या पुढं, गवत करडं, पायाखाली चुरा होतं. ते मेलंय असं वाटतं. एक ठोंब हातानं बाजूला करून बघा. वाढणारा कोंब गवताच्या टोकाला नसतो, बुडाशी असतो, मातीच्या पातळीला. म्हणून मेंढरानं वरचं खाल्लं, उन्हानं वरचं जाळलं, तरी कोंब शाबूत. गवताची बरीचशी दौलत मुळांत, जमिनीखाली ठेवलेली असते. टिटवी उघड्या मुरमावर अंड्यांवर बसलेली असते. ती पाण्यात पोट भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तिनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, असं आबा सांगतात. गेल्या साली ते चुकलं, हेही त्यांनीच सांगितलं.

वनखात्यानं टँकरनं भरलेल्या पाणवठ्यापासून लांब, बोरीच्या आडोशाला आबा आणि मी बसलो होतो. ऊन चढायला लागलं तशा पखुर्ड्या आल्या. कबुतराएवढ्या, मातीच्याच रंगाच्या. माद्या प्यायल्या आणि उडाल्या. एक नर मात्र पाण्यात उतरला, पोट टेकलं आणि अंग डोलवत बसून राहिला. त्याच्या पोटाच्या पिसांचे बारीक तंतू गुंडाळलेले असतात, ओले झाले की उलगडतात आणि स्पंजासारखं पाणी धरतात. पिल्लं कुठंतरी लांब उघड्या मुरमावर असणार. त्यांना उडता येत नाही आणि पाणवठ्यापर्यंत चालत येणं शक्य नाही. तो उडाला तेव्हा त्याच्या पोटाखालून दोन थेंब पडले. आबा म्हणाले, "चाललं बघा पाण्याचं बिंदगं घेऊन."