आठवड्यातली एक रात्र: ‘सेल्डम सीन’ची पार्श्वभूमी

नकाशे तयार करणारा, गणितज्ञ, डॉक्टर, वर्तमानपत्रातला चित्रकार आणि वाद्यं दुरुस्त करणारा. १९७१ साली अमेरिकेच्या राजधानीला, वॉशिंग्टनला खेटून असलेल्या बेथेस्डा गावात हे पाच जण एका घराच्या तळघरात जमून वाजवू लागले. मित्रमंडळी आठवड्यातून एकदा पत्ते कुटायला बसतात, तितकाच त्यांचा बेत होता. नोकऱ्या सोडायच्या नाहीत, दौरे करायचे नाहीत. बँकेतली ड्यूटी संपवून थेट तालमीला जाणारी माणसं मराठी रंगभूमीने भरपूर पाहिली आहेत, त्यामुळे हे चित्र आपल्याला परकं वाटू नये. ब्लूग्रास संगीताला नवं वळण देणारा ‘सेल्डम सीन’ हा बँड असा उभा राहिला.

ब्लूग्रास हे काही प्राचीन लोकसंगीत नव्हे. केंटकीच्या बिल मन्रो यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा बँड बांधला आणि १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बेंजो वाजवत त्यात आले, तेव्हा या शैलीचं रूप पक्कं झालं. मेंडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिन), गिटार, बेंजो, उभा बास; वेग झपाट्याचा, गळा उंच पट्टीतला. (आपल्याकडे मिरवणुकीत ‘बेंजो’ म्हणून वाजतो तो बटणांचा. हा वेगळा: गोल कडीवर कातडं ताणलेलं, वर पाच तारा. त्याचं मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे.)

डोंगराळ भागातलं हे संगीत राजधानीत आलं ते पोटापाण्याच्या मागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर ॲपलाचियन डोंगरांतली हजारो कुटुंबं कामासाठी वॉशिंग्टन-बाल्टिमोर पट्ट्यात उतरली. कोकणातल्या चाकरमान्यांबरोबर भजनं गिरणगावात आली, तशी त्यांची गाणी तिथल्या बारमध्ये आणि रेडिओवर पोचली. ४ जुलै १९५७ रोजी एका बँडमधले वादक मोटार अपघातात जखमी झाल्यामुळे ऐनवेळी बदली माणसं गोळा करावी लागली. त्या बदली संचातून ‘कंट्री जंटलमेन’ हा बँड जन्मला. त्यात मेंडोलिन वाजवणारे जॉन डफी होते.

डफी हे वॉशिंग्टनचेच, शहरात वाढलेले. वडील ऑपेराचे गायक. ब्लूग्रासमधला उंच, पातळ, काहीसा नाकातला स्वर डफींनी घेतला नाही. त्यांचा तार सप्तकातला आवाज भरदार होता, आणि घरातला ऑपेरा त्यात मला स्पष्ट ऐकू येतो. १९६९ साली दौऱ्यांना कंटाळून त्यांनी ‘कंट्री जंटलमेन’ सोडला आणि ते वाद्यदुरुस्तीच्या कामात रमले. बासवादक टॉम ग्रे हेही त्याच बँडमधून आलेले. दिवसा ते नॅशनल जिऑग्राफिकमध्ये नकाशांचं काम करत. बेन एल्ड्रिज व्हर्जिनिया विद्यापीठात गणित शिकलेले, आणि बेंजोवर त्यांचा हात हिशेबी, नेमका. गिटार आणि मुख्य गायन जॉन स्टार्लिंग यांच्याकडे. ते लष्करात डॉक्टर होते, पुढे कान-नाक-घशाचे सर्जन.

पण या बँडचा खरा रंग मला माइक ऑल्ड्रिज यांच्या डोब्रोत दिसतो. डोब्रो म्हणजे पोटात धातूची तबकडी बसवलेली गिटार. ती आडवी धरायची, डाव्या हातातली पोलादी पट्टी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. स्वर मधे तुटत नाही, मींड घेतल्यासारखा वाहत जातो. ही पद्धत हवाई बेटांतली. तीच आपल्याकडेही आली आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. ऑल्ड्रिज यांच्या घरात ती आधीपासून होती: त्यांचे मामा एल्सवर्थ कझेन्स यांनी १९२८ साली कंट्री गायक जिमी रॉजर्स यांच्या ध्वनिमुद्रणांत स्टील गिटार वाजवली होती. ब्लूग्रासमध्ये डोब्रो बहुतेक चमकदार, धारदार वाजे. ऑल्ड्रिज यांनी ती मृदू केली, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा तिने भरल्या. दिवसा ते व्यावसायिक चित्रकार होते. वॉशिंग्टनमधलं त्यांचं वर्तमानपत्र १९८१ साली बंद पडलं, तेव्हा कुठे ते पूर्णवेळ वादक झाले.

बँडचं नाव ‘कंट्री जंटलमेन’मधले डफींचे जुने सहकारी चार्ली वॉलर यांच्या थट्टेतून आलं असं सांगतात: नोकऱ्या सांभाळून वाजवणार, म्हणजे तुम्ही क्वचितच दिसणार! ‘क्वचित दिसणारे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतला (seldom seen) दुसरा शब्द त्याच उच्चाराच्या ‘सीन’ने (scene), म्हणजे ‘दृश्य’ने बदलला आणि नाव झालं.

पगार ठरलेला असल्यामुळे श्रोत्यांच्या सवयीप्रमाणे वाजवण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. १९७२च्या पहिल्याच तबकडीत जुन्या पारंपरिक गाण्यांशेजारी जेम्स टेलर या त्या काळच्या लोकप्रिय गायकाचं गाणं आहे. सरकारी कचेऱ्यांतले, विद्यापीठातले, लोकसंगीत आणि रॉक ऐकत वाढलेले श्रोते त्यामुळे ब्लूग्रासकडे वळले. बेथेस्डाच्या ‘रेड फॉक्स इन’मध्ये आणि पुढे व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या ‘बर्चमिअर’मध्ये दर आठवड्याला ठरलेल्या वारी ते वाजवत. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘सेलर डोअर’ क्लबमध्ये झालेलं ध्वनिमुद्रण ऐकावं: डफींची टाळ्याखाऊ बडबड, पाठोपाठ तीन गळे एकदम लागतात आणि सभागृह क्षणात गप्प होतं.

नोकऱ्यांनी पुढे बँड फोडलाही. स्टार्लिंग १९७७ साली डॉक्टरकीसाठी बाहेर पडले. १९९५ मध्ये ऑल्ड्रिज आणि आणखी दोघांनी पूर्णवेळ संगीतासाठी वेगळी वाट धरली. डफी आणि एल्ड्रिज यांनी नवे साथीदार घेऊन बँड पुन्हा बांधला. वर्षभरातच, डिसेंबर १९९६ मध्ये, डफी गेले. तळघरातल्या पाचांपैकी एकटे एल्ड्रिज बेंजो घेऊन २०१६ पर्यंत बँडमध्ये होते. त्यांचा मुलगा क्रिस ‘पंच ब्रदर्स’ या बँडमध्ये गिटार वाजवतो.