जुनी पद्मिनी बॅटरीवर करायचीय? आधी आरसी बुकातलं साल बघा

मोटर, कंट्रोलर, लिथियमचे सेल सगळं आता घरबसल्या मागवता येतं, आणि पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फिएटचं, 1089 सीसीचं इंजिन उतरवणं कुठल्याही बऱ्या मेकॅनिकला जमतं. म्हणून बरेच जण बेत आखतात की गाडी अंगणात ठोकळ्यांवर चढवून काम उरकू, कागदपत्रांचं मग बघू. इथेच घोळ होतो. घरी जुळवाजुळव करून बसवलेल्या किटची नोंद आरटीओत होत नाही. बिननोंदीची गाडी रस्त्यावर आणली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ खाली मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

गाडी पात्र आहे का?

गाडीत किट बसवून ती पूर्णपणे बॅटरीवर करायची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2016 साली आली. तिच्यातली कळीची अट अशी की गाडी 1 जानेवारी 1990 रोजी किंवा त्यानंतर तयार झालेली हवी. इथे नोंदणीची तारीख धरत नाहीत, उत्पादनाची धरतात. डिसेंबर 1989 मध्ये तयार होऊन महिनाभराने पासिंग झालेली पद्मिनी बाद, 1995 ची चालेल. ॲम्बेसेडरवाल्यांना वाव जास्त, कारण ती 2014 पर्यंत बनत होती.

आजोबांची 1974 ची गाडी असेल तर हा मार्ग बंद आहे. तिच्यासाठी विंटेज नोंदणी आहे: पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण तिथे चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं लागतं. म्हणजे हौसेने इंजिन काढून टाकलं की तीही सवलत गेली. माझं मत विचाराल तर अशा गाडीचं मूळ इंजिनच नीट करून घ्या.

दुसरी गोष्ट आरसीच्या मुदतीची. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते राहिलं असेल तर आधी फॉर्म 25 भरून, गाडी तपासून घेऊन, हरित कर भरून ते उरका. 20 वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये आहे. आरसी अजून हाताने लिहिलेलं पुस्तक असेल आणि 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून काहीच दिसत नसेल, तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवून, घ्यावी लागते. जुन्या गाड्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं. चासी नंबरातला एक आकडा पुस्तकात पुसट असला तरी काम थांबतं, म्हणून जाण्याआधी चासीवरचा गंज घासून नंबर वाचता येईल असा करा आणि पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन ठेवा.

किट कुठलं, बसवायचं कोणी?

किटला सरकारमान्य चाचणी संस्थेचं टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे त्या नमुन्याला मिळालेली मंजुरी, लागतं. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा संस्था एआयएस-123 या मानकाप्रमाणे ते तपासतात. प्रमाणपत्रावर किट कोणत्या वाहनांसाठी मंजूर आहे ते लिहिलेलं असतं. त्यात तुमची गाडी बसते का, हे पैसे देण्याआधी बघा. 'एआरएआय पास आहे' एवढ्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, कारण दुसऱ्याच हॅचबॅकसाठी मंजूर झालेलं किट पद्मिनीला उपयोगाचं नाही. बसवणाराही किट उत्पादकाने अधिकृत केलेलाच लागतो. घरच्या गॅरेजात तुम्ही पत्र्याचं काम, सस्पेन्शन, ब्रेक, सीट हे करू शकता. रंग मात्र मूळचाच ठेवा, बदललात तर त्याचीही नोंद आली.

कागदपत्रं

आरसी, चालू विमा, काम होण्याआधीचं पीयूसी, आधार आणि पॅन, किटचं टाइप ॲप्रूव्हल, बसवणाऱ्याचं अधिकारपत्र आणि त्याने दिलेला किट बसवल्याचा दाखला, मोटर व बॅटरीचे क्रमांक असलेलं जीएसटी बिल, चासीचा ठसा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी. बॅटरीमुळे रिकाम्या गाडीचं वजन बदलतं, तेव्हा वजनकाट्याची पावती जवळ असलेली बरी. थकलेली ई-चलानं आधीच भरून टाका.

अर्ज

गाडीला हात लावण्याआधी किटची कागदपत्रं घेऊन आपल्या आरटीओत बदलाची परवानगी मागा. किट बसल्यापासून 14 दिवसांत आरसीसह कळवणं कलम 52 प्रमाणे बंधनकारक आहे. 'वाहन' पोर्टलवर वाहनातील बदलाचा अर्ज भरायचा, शुल्क भरायचं, तारीख घ्यायची आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यायची. ते चासी नंबर आणि मोटर-बॅटरीचे क्रमांक कागदांशी ताडून बघतात. सगळं जुळलं की आरसीवरचा इंधनाचा प्रकार बदलतो. मग हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेली नंबर प्लेट घ्यायची. पीयूसीची कटकट संपते.

विमा कंपनीला मात्र स्वतःहून लेखी कळवा आणि नव्या आरसीप्रमाणे पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. पॉलिसीवर पेट्रोल आणि गाडीत बॅटरी अशी स्थिती राहिली, तर अपघातानंतर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.