सिकलसेल (दात्रपेशी पांडुरोग)

रक्तातील हीमोग्लोबिन या प्रथिनात आनुवंशिक बदल झाल्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्या विकाराला सिकलसेल म्हणतात. शालेय पुस्तकात त्याचे नाव दात्रपेशी पांडुरोग असे आहे. दात्र म्हणजे विळा. पण शेतात कोणी विळ्याला दात्र म्हणत नाही, आणि हा विकार जिथे जास्त आढळतो त्या नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांतही ‘सिकलसेल’ हाच शब्द रुळला आहे.

हीमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओवलेली असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. उरलेल्या १४५ जागा जशाच्या तशा. एवढ्याने काय बिघडते, ते दहावीच्या कार्बनी संयुगांच्या पाठात शिकलेल्या क्रियात्मक गटांवरून कळते. ग्लुटामिक आम्लाच्या शाखेच्या टोकाला कार्बॉक्सिल गट असतो, व्हिनेगारमधल्या अ‍ॅसेटिक आम्लात असतो तोच. रक्तात त्यावर ऋणभार असतो आणि पाण्याशी त्याचे जमते. व्हॅलिनच्या शाखेत नुसते कार्बन आणि हायड्रोजन, म्हणून ती तेलासारखी पाण्यापासून दूर राहू पाहते. हीमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि रेणूवर एक खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूचे व्हॅलिन नेमके तिथे जाऊन बसते. असे रेणूला रेणू चिकटत लांब, ताठ धागे तयार होतात आणि पेशी आतून ताणली जाते. फुप्फुसात ऑक्सिजन मिळाला की ती पुन्हा गोल होते. पण हे वारंवार झाले की तिचे पटल कायमचे बिघडते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही जेमतेम १० ते २० दिवस. पांडुरोग होतो तो त्यामुळे. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, सांधे, पोट किंवा छातीत असह्य कळा येतात. ताप, थंडी, अंगातले पाणी कमी होणे ही त्याची नेहमीची निमित्ते.

या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन जेम्स हेरिक यांनी शिकागोत १९१० साली प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये तो प्रथम नोंदला गेला.

बीटा साखळीचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर असते. त्याच्या रासायनिक संकेतातील एक अक्षर बदलते, जीएजीचे जीटीजी होते. या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर एए, एक बदललेली असेल तर एएस, दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस. गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी त्याला ‘पॅटर्न’ म्हणतात. एएस म्हणजे वाहक, रुग्ण नव्हे. उलट वाहकांना मलेरियाच्या तीव्र आजारापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली मांडले. मलेरियाच्या पट्ट्यात हे जनुक टिकून राहिले ते यामुळेच.

आई-वडील दोघेही एएस असतील तर मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो, आणि त्यात दोष थोडा आई-वडिलांची जनुके जुळवून दाखवणाऱ्या, पुस्तकातल्या चार घरांच्या चौकटीचाही आहे: चार घरे म्हणजे चार मुले असे वाटते. पहिले मूल एसएस निघाले म्हणजे पुढची तिघे सुटली, असे होत नाही. प्रत्येक गर्भधारणेला २५ टक्के पुन्हा पहिल्यासारखेच उभे राहतात.

उपचारात फॉलिक आम्ल, हायड्रॉक्सीयुरिया आणि गरजेनुसार रक्त देतात. जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले.

तपासणी दोन टप्प्यांत होते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब सोल्युबिलिटी चाचणीच्या द्रावणात टाकतात आणि परीक्षानळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर सहसा काळजी नसते. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हीमोग्लोबिन आहे. पण एएस आणि एसएस दोन्ही नमुने सारखेच गढूळ होतात, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करावे लागते. विजेच्या दाबाखाली हीमोग्लोबिन धनाग्राकडे सरकते. कार्बॉक्सिल गटाचा ऋणभार गमावलेले सिकल हीमोग्लोबिन मागे रेंगाळते. एसएसमध्ये नेहमीच्या हीमोग्लोबिनची पट्टी उमटतच नाही. एएसच्या नमुन्यात दोन पट्ट्या दिसतात, एक आईकडच्या जनुकाची आणि एक वडिलांकडच्या. दोष सुनेच्या माथी मारू पाहणाऱ्या घरांनी एवढे ध्यानात घ्यावे, की कोणती पट्टी कोणाची हे त्या रिपोर्टवरून सांगता येत नाही.