नॉमिनी म्हणजे मालक नव्हे: मुंबईतलं घर वारसांच्या नावावर करताना

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्यात फ्लॅटनिहाय फायली, आणि प्रत्येक फायलीत सगळ्यात वर नॉमिनेशनचा फॉर्म, म्हणजे सभासद गेल्यावर सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा त्याचं नाव. मी काही वर्षं मानद सेक्रेटरी होतो, त्यामुळे या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. कुणी गेलं की तेरावं उरकतं न उरकतं तोच कुणीतरी त्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन दारात उभं राहायचं. प्रश्न ठरलेला: "काका, फॉर्मवर माझं नाव आहे. म्हणजे फ्लॅट माझाच ना?"

नाही. पण हे 'नाही' नीट समजायला आधी आपलं घर कोणत्या प्रकारचं आहे ते पाहावं लागतं. मुंबईत "घर नावावर आहे" हे वाक्य पाच जणांनी म्हटलं, तर पाच वेगळे अर्थ निघतात.

कोणत्या कागदावर नाव आहे?

गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या चाळींत बहुतेक घरं पागडीची, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली. तिथे तुमच्या हातात असते ती भाडेपावती. इमारत घरमालकाची, तुमचा हक्क भाडेकरूचा. घर विकलं तर घरमालक आपला वाटा मागतो, साधारण एक तृतीयांश. ही पद्धत वर्षानुवर्षं चोरून चालायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५६ ने पागडी घेण्याला कायदेशीर वाट करून दिली. पागडीचं घर मृत्युपत्रात लिहून परक्याला देता येत नाही. भाडेकरू गेला की हक्क जातो तो त्याच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. म्हणून रेशनकार्ड, मतदारयादी, विजेचं बिल, त्या पत्त्यावर राहत असल्याचं दाखवणारा प्रत्येक कागद जपा. विरारला राहायला गेलेल्या भावापेक्षा आईजवळ खोलीत राहिलेल्या बहिणीची बाजू इथे वरचढ ठरते. लोकांना हे पटत नाही, पण कायदा असाच आहे.

दुसरा प्रकार ओनरशिपचा, म्हणजे सहकारी गृहनिर्माण सोसायटीतला फ्लॅट. उपनगरांत हेच जास्त. इथे तुमच्याकडे नोंदणीकृत करार असतो आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावाची, तुम्ही सभासद. त्यामुळे "फ्लॅटचा सातबारा कुठे मिळेल?" या प्रश्नाला उत्तर नाही. मालमत्ता पत्रकावर, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, सोसायटीचं नाव असतं. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत कागदोपत्री सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसेल तर अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचंच असतं. तसं असेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डर सही देत नसला तरी होणाऱ्या कन्व्हेयन्सचा) अर्ज करावा. तो मुद्दा वेगळा आणि मोठा, इथे एवढंच पुरे.

१९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या इमारतीत मात्र फ्लॅटधारक खराच मालक असतो आणि जमिनीत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. मुंबईत अशा इमारती तुलनेने कमी. चौथा प्रकार सरकारी किंवा पालिकेच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीचा, लोकांच्या भाषेत 'कलेक्टर लँड'. तिथे विक्रीला परवानगी लागते आणि पैसेही भरावे लागतात, त्यामुळे घर विकत घेण्याआधी हा मुद्दा तपासलेला बरा. म्हाडाच्या वसाहतींत म्हाडाचे स्वतःचे हस्तांतरणाचे नियम आहेत, तिथे सोसायटीआधी म्हाडाची खिडकी.

यापुढचं सगळं मुख्यतः सोसायटीच्या फ्लॅटबद्दल आहे, कारण खरा घोळ तिथेच होतो.

नॉमिनी, सहसभासद, संयुक्त सभासद

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ मध्ये हे आता स्वच्छ लिहिलेलं आहे: सभासद गेल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेईल, आणि वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ज्यांचा हक्क आहे ते सभासद होईपर्यंतच. नॉमिनी म्हणजे किल्ली सांभाळणारा. मेंटेनन्स त्याने भरावा, सोसायटीशी पत्रव्यवहार त्याने करावा, पण परस्पर घर विकून मोकळं व्हायचं नाही. कंपनीच्या शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असंच म्हटलं की नॉमिनेशनने वारसांचा हक्क बुडत नाही.

सहसभासद (असोसिएट मेंबर) आणि संयुक्त सभासद यांतही गल्लत होते. संयुक्त सभासदाचा फ्लॅटमध्ये हिस्सा असतो, फक्त शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव पहिलं नसतं. सहसभासदाचं नाव सर्टिफिकेटवर नसतंच. सभासदाच्या लेखी संमतीने तो त्याच्या वतीने सभासदत्वाचे हक्क बजावतो, एवढंच. "बाबांनी मला असोसिएट करून ठेवलंय" म्हणून निर्धास्त असलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांनी एकदा करार उघडून बघावा, नाव त्यात आहे का ते.

वारस कोण?

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा. आई विसरली जाते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पन्नाशीत गेले. पत्नी आणि दोन मुलांनी तीन हिस्से गृहीत धरून अर्ज दिला. गावी सिन्नरला त्यांची आई होती, ब्याऐंशी वर्षांची. कमिटीतल्या एका वकील बाईंनी विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. हिस्से चार होते. वडील मात्र या पहिल्या वर्गात येत नाहीत, हेही अनेकांना ऐकून आश्चर्य वाटतं.

लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. "तिला लग्नात दिलंय" हे कायद्यात कुठेही बसत नाही. बाई गेली तर प्रथम हक्क पती, मुलगे, मुली यांचा. मुस्लिम कुटुंबात त्यांचा वैयक्तिक कायदा, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. हिस्से वेगळे पडतात, त्यामुळे शेजाऱ्याचा अनुभव आपल्याला लावू नये.

अर्ज कसा करायचा

नॉमिनेशन असेल तर नॉमिनीने मृत्यूच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत सभासदत्वाचा अर्ज द्यायचा. आदर्श उपविधींना (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीला) जोडलेल्या परिशिष्टांत छापील नमुने आहेत, ते सोसायटीकडे किंवा सोसायट्यांच्या फेडरेशनच्या पुस्तकात मिळतात. अर्जासोबत मृत्यूचा दाखला (पालिकेच्या वॉर्ड ऑफिसचा, मूळ प्रत दाखवायला), मूळ शेअर सर्टिफिकेट, आधार-पॅन, प्रवेश फी १०० रुपये आणि स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. हमीपत्रात नॉमिनी लिहून देतो की उद्या कुणी हक्कदार पुढे आला, तर त्याची जबाबदारी माझी. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर होणारे बरेच कागद ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेच्या स्टॅम्पवर करावे लागतात. जुना शंभराचा कागद घेऊन नोटरीकडे गेलात तर हेलपाटा.

नॉमिनेशन नसेल तर काम लांबतं. सोसायटी नोटीस बोर्डावर आणि किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देते, हरकती मागवते. 'जाहीर नोटीस' म्हणून सकाळी चहाबरोबर आपण जी बारीक अक्षरांतली चौकट ओलांडून जातो, ती हीच. खर्च वारसांच्या माथी. हरकत आली नाही, की वारसांची प्रतिज्ञापत्रं, हमीपत्र आणि आपापसांत ठरलेलं लेखी पाहून कमिटी ठराव करते.

पण तात्पुरत्या सभासदाला कायम सभासद करायचं, सर्टिफिकेटच्या मागे नाव चढवायचं, तर सोसायटी पुढच्यापैकी काहीतरी मागणार: मृत्युपत्र, न्यायालयाचा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र, नाहीतर सर्व वारसांनी मिळून केलेलं कौटुंबिक व्यवस्थापत्र. तहसील कार्यालयातून पेन्शनसाठी आणलेला वारसाचा कागद पुढे करू नका, सोसायटीचा वकील तो परत करेल.

मृत्युपत्राबद्दल एक नवी गोष्ट. मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं शिक्कामोर्तब, अनिवार्य होतं, पुण्या-नाशिकला नव्हतं. १९२५ च्या कायद्यातलं हे कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. म्हणजे प्रोबेटची सक्ती गेली, प्रोबेट घ्यायचा मार्ग मात्र खुला आहे. भावंडांत वाद असेल, मृत्युपत्रावरचे साक्षीदार म्हातारे असतील, तर प्रोबेट करून घेतलेलंच बरं असं माझं मत. आणि जुन्या कमिट्या अजून काही काळ "प्रोबेट आणा" म्हणतच राहतील, त्यांना बदल दाखवून द्या.

हक्कसोड: इथे चूक महागात पडते

तीन भावंडं, घर एकाला द्यायचं ठरलंय. मग बाकीचे दोघे साध्या कागदावर "आमची काही हरकत नाही" लिहितात, नोटरी शिक्का मारतो, सगळे खूश. या कागदाने हिस्सा जात नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. आमच्याकडेच असं झालं: नोटरीच्या कागदावर नाव चढलं, आठ वर्षांनी फ्लॅट विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेने कर्ज रोखून धरलं. तोवर ठाण्याच्या भावाचं आणि फ्लॅट मिळालेल्या भावंडाचं बोलणं बंद झालेलं. सही मिळवायला दोन वर्षं गेली. त्या वेळी कमिटीने नोंदणीकृत कागदाचा आग्रह धरायला हवा होता. त्या कमिटीत मीही होतो.

जवळच्या नात्यातल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क अगदी किरकोळ असतं. हिस्सा सोडणारा परदेशात असेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणलेलं मुखत्यारपत्र लागतं. ते इथे पोचल्यावर त्यावर मुद्रांक भरायचा, हे विसरू नका.

हयातीतच द्यायचं असेल तर बक्षीसपत्र. राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये, मुंबईतला अधिभार निराळा. स्वस्त आहे म्हणून लगेच धावू नका. बक्षीसपत्र केलं की आई-वडिलांच्या हातात काही उरत नाही. मृत्युपत्र कधीही बदलता येतं.

पैसे आणि अडवणूक

विक्रीत सोसायटी जे हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) घेते, त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये. वारस, नॉमिनी किंवा कुटुंबीयांच्या नावावर करताना हे अधिमूल्य घेताच येत नाही. हस्तांतरण फी ५०० रुपये, एवढंच. 'विकास निधीला ऐच्छिक देणगी' या नावाखाली मागितलं तर लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा ती देणगी आपोआप विरघळते. थकलेला मेंटेनन्स मात्र आधी चुकता करावा लागेल, त्यात सोसायटीचं काही चूक नाही.

अर्ज दिल्याची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. सेक्रेटरी पोच देत नसेल तर स्पीड पोस्ट. सोसायटी गप्प बसली किंवा विनाकारण नाकारलं, तर आपल्या वॉर्डाच्या उपनिबंधक कार्यालयात दाद मागता येते. उपनिबंधक सभासदत्वाचं बघतो. हिस्सा कुणाचा किती, हे ठरवणं त्याचं काम नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय.

गृहकर्ज असेल तर मूळ करार बँकेत असतो. आधी बँकेला मृत्यू कळवा, कर्जाला विमा जोडलेला होता का ते विचारा. अनेकांनी हप्त्याबरोबर विमा घेतलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो.

सोसायटीत नाव चढल्यावर वीज मीटर, पाईप गॅस यांचे अर्ज उरतात. त्यांना शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स लागते. पुढची बाजू सगळेच देतात, मागची राहते. खरं नाव मागच्या बाजूला असतं: तक्त्यात हस्तांतरणाचा क्रमांक, तारीख, नव्या सभासदाचं नाव, आणि शेवटी अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटी सदस्य अशा तीन सह्या. पन्नास रुपयांचे पाच शेअर, अडीचशे रुपयांचा तो कागद. सह्या तीनही झाल्या आहेत का, ते ऑफिसातून बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून बघा.